रात्रभर झाकलेली खीर

वैशाख लागला की मी घरात जरा नकोशी होते. सून तोंडानं काही म्हणत नाही, पण मी स्वयंपाकघराकडं निघाले की ती हातातलं काम टाकून माझ्या मागं येते. तिला ठाऊक असतं, आता काहीतरी मोरीत जाणार. सकाळची डाळ, दुपारचा भात, नाहीतर कालचं दूध. "आई, वास घेऊन बघा, चांगलं आहे हो," ती म्हणते. मी वास घेत नाही. वासावरचा माझा विश्वास एका दुपारी गेला, तो गेलाच.

परवा वीज गेली ती सहा तास आली नाही. नातवासाठी केलेली शेवयांची खीर फ्रिजमध्ये होती. वीज आल्यावर सुनेनं ती वाटीत काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. तो चमचा उचलणार तेवढ्यात मी वाटी ओढून घेतली. पोरगं भोकाड पसरून रडलं. सून पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. म्हणाली, "एवढं कशाला भ्यायचं, आई? उकळून दिली असती की!"

उकळून. मी वाटी हातात धरून तशीच खाली बसले. एकोणिसाव्या वर्षी मीही हेच म्हणाले होते, अगदी ह्याच निश्चिंत आवाजात.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. आमचं गाव परंडा तालुक्यातलं, सोनारीच्या वाटेवरचं. गावाच्या कडेला आमची बौद्धवस्ती, पंचवीस-तीस घरं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मालक बार्शीच्या गिरणीत होते, महिन्यातून एकदा यायचे. घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. दिवसभर कानात हातोड्यांचा आवाज, दातांखाली धुरळ्याची कचकच. कामावर भाजलेल्या पिठाची गोड सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची आणि पाण्यात कालवून खायची. पण पाणी कुठं होतं? टँकर एक दिवसाआड यायचा. घरटी दोन घागरी. त्यात प्यायचं, रांधायचं, तोंडावरून हात फिरवायचा. भांडी आम्ही राखेनं कोरडीच घासायचो आणि फडक्यानं पुसायचो. हात धुणं म्हणजे चैन. हात पदराला पुसले की झाले धुतले.

आज नळ सोडून बराच वेळ हात धूत उभी राहिले की सून म्हणते, पाणी वाया जातं. जातं खरं.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी हातोडी माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसली. नख काळं पडलं, मग कडेनं सुजलं. तिसऱ्या दिवशी बोट पिकलं. ठणका खांद्यापर्यंत यायचा. मी हळद भरून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि कामाला गेले. बोट पिकलं म्हणून खाडा कोण करणार? आत्याबाई म्हणाल्या, "फुटंल आपोआप. फुटलं की ठणका जातुया." आणि खरंच, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी ते फुटलं. ठणका गेला. मला हलकं हलकं वाटलं. चिंधी ओली झाली होती, ती पिळून तीच परत बांधली.

त्या संध्याकाळी बिरूमामा वस्तीत आले. गावात तीन वर्षांपूर्वी दूध संस्था निघाली होती आणि हा धनगराचा म्हातारा तिथं दूध मापायचा. दुष्काळानं जनावरं गेली, दूध आटलं, तरी दोन-तीन कॅन भरायचे. त्या दिवशी दूध न्यायची गाडी आलीच नाही. सकाळपर्यंत दूध टिकणार नव्हतं. बिरूमामांनी एक कॅन सायकलला बांधला आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी आणून उभा केला.

"उद्या तुमचा सण हाय न्हवं?" ते म्हणाले. "नासवून टाकण्यापरास लेकरांच्या तोंडात जाऊ द्या."

वस्तीत कसा आनंद झाला! त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला खीर होईल असं कुणाच्या मनात नव्हतं. रेशनचे तांदूळ घराघरातून मूठमूठ गोळा झाले. कुणी गूळ आणला. विहाराचं मोठं पातेलं आमच्या दारात आलं, कारण वस्तीत माझ्या हाताला चव आहे असं सगळ्या म्हणायच्या. त्या कौतुकानं मी फुलून गेले होते. शेजारची चंद्राक्का चुलीला जळण घालायला बसली. तिची चार वर्षांची बेबी पातेल्याभोवती नाचत होती. त्याच दुधाचा घोट घोट चहा आम्ही दोघी आधी करून प्यालो. किती दिवसांनी दुधाचा चहा!

दूध त्याच संध्याकाळी शिजवणं भाग होतं. खीर शिजली, मग निवू दिली, कारण गरम दुधात गूळ पडला की ते फाटतं. निवल्यावर गूळ घातला. तो नीट मिसळेना, भाताचेही गोळे झालेले. पळीनं काही जमेना. तेव्हा मी बाह्या सारल्या आणि दोन्ही हात पातेल्यात घातले. कोपरापर्यंत. कोमट, मऊ खीर बोटांतून सरकत होती आणि मी एकेक गोळा चुरत होते. चिंधी सुटून लोंबायला लागली, ती मी तेवढी काढून बाजूला ठेवली.

किती साधी गोष्ट. आज लिहितानाही माझे तळवे थंड पडतात.

पातेल्यावर परात झाकली, परातीवर दगड ठेवला. मांजर येऊ नये, पाल पडू नये, एवढीच माझी भीती. घरात भट्टीसारखी धग होती. त्या धगीत खीर रात्रभर झाकलेली राहिली. सकाळी परात काढली तेव्हा गुळाचा असा घमघमाट सुटला की वाटेनं जाणारा थांबावा. चंद्राक्कानं विचारलं, "चांगली हाय न्हवं गं, शकू? लई उष्मा व्हता." मी बोटावर घेऊन चाटली, तिलाही दिली. गोड, दाट, छान. मी म्हणाले, "उकळी आणते की पुन्हा. उकळल्यावर काय ऱ्हातंय त्यात?"

आणि चांगली खदखदून उकळी आणली. थोडी फाटली, पण दाट खिरीत ते कळलं नाही.

विहारापुढं वंदना झाली. लहानथोर पंगतीला बसले. मी स्वतः वाढलं. पहिल्यांदा लेकरं, मग म्हातारी माणसं, मग बाया. खीर माझ्यापर्यंत उरलीच नाही. पातेलं पोरांनी बोटांनी निपटून काढलं. मी रिकामं पातेलं घेऊन हसत घरी आले. ऊन डोक्यावर होतं.

तिसऱ्या प्रहराला बेबी ओकली.

चंद्राक्कानं हाक मारली तेव्हा मला वाटलं, पोरीला ऊन लागलं. मी कांदा घेऊन धावले. तिथं पोचते तोवर पलीकडच्या घरातून ओकारीचा आवाज आला. मग त्याच्या पलीकडच्या. मागं वळले तर आत्याबाई भिंतीला धरून वाकलेल्या. अर्ध्या तासात सगळी वस्ती आडवी झाली. माणसं पोट आवळून अंगणात लोळत होती. ज्याच्या त्याच्या तोंडी "पाणी, पाणी". टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता आणि घागरींचा तळ दिसत होता.

बेबीचं ओकणं थांबलं, पण ते बरं लक्षण नव्हतं. तिच्या पोटात काही उरलंच नव्हतं. डोळे आत गेले. ओठांवर पापुद्रे आले. मी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली, सोडली, तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. चंद्राक्का स्वतः ओकत होती आणि मधेच पोरीला हलवत होती. "बेबे, डोळं उघड. बेबे गं."

मी उभी होते. एकटी धडधाकट. मी बोटाकडं बघितलं. परत बांधलेल्या चिंधीला आदल्या दिवशीचा पिवळा डाग होता. मला काही कळत नव्हतं, मी सातवी शिकलेली. पण अंगाला आधी कळतं. मी हात पदराखाली घेतला.

चंद्राक्काचा नवरा सुदाम सकाळीच परंड्याला गेला होता. तो दोनच्या एस्टीनं येऊन चालत वस्तीत पोचला आणि समोर हे. लेकीला उचलून त्यानं विचारलं, "काय खाल्लं?" कुणीतरी म्हणालं, खीर. "दूध कुणाचं?" बिरूमामांनी दिलेलं. सुदामचा चेहरा बदलला.

"गावानं फुकट दूध दिलं? आमाला? आन् तुमी घेतलं?"

पायावर उभे राहू शकत होते ते दोन-चार तरणे त्याच्याजवळ गोळा झाले. त्याच कॅनमधलं दूध बिरूमामांची नातवंडंही प्याली होती आणि ती धडधाकट खेळत होती, हे तेवढ्यात कुणीतरी सांगितलं. सुदाम म्हणाला, "तेच तर! त्येंचं लेकरू चांगलं आन् आमचं मरतंय. नंतर घातलंय त्यात कायतरी."

आज कुणाला हे ऐकून नवल वाटेल. आम्हाला नाही वाटलं. आमच्या बापांनी गावाच्या पाण्यासाठी काय काय सोसलं होतं, ते आम्ही ऐकत वाढलो होतो. संशय यायला कारणं होती, पिढ्यांची होती. फक्त ह्या वेळी तो संशय चुकीच्या माणसाकडं निघाला होता आणि ते माहीत असलेली मी एकटीच होते. मी त्याच दुधाचा चहा प्यालेली होते. चंद्राक्काही प्याली होती, पण तिला बोलायचं भान नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या गावाहून नर्सबाई आल्या. एकजण सायकलवर जाऊन त्यांना घेऊन आला होता. त्या उमरग्याकडच्या, बोलण्यात कानडी हेल. उंच, सावळ्या, आवाज करडा. आल्या आल्या त्यांनी बेबीची नाडी धरली आणि म्हणाल्या, "पाणी उकळा. साखर आणा, मीठ आणा. रडायचं नंतर."

साखर कुणाकडं? तीन घरं फिरून एक वाटी जमली. माझ्या घागरीच्या तळाशी उरलेलं पाणी मी चुलीवर चढवलं. पाणी निवलं तशी नर्सबाईंनी साखर-मीठ घातलं, चाखलं, मला चाखायला दिलं. "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको. चमचा चमचा द्यायचं. ओकली तर थोडं थांबायचं, पुन्हा द्यायचं. हात थांबला तर पोरगी जाईल."

मी चमचा घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. ह्या हातानं? चंद्राक्कालाच मी उठवून बसवलं. तिनं पहिला चमचा बेबीच्या ओठांत सोडला. अर्धं पाणी गालावरून ओघळलं. अर्धं आत गेलं.

नर्सबाई घरोघर फिरून विचारत होत्या, कुणी खाल्लं, कुणी नाही, किती वाजता ओकले. माझ्यापाशी आल्या. "तू खाल्लीस?" मी म्हटलं, "न्हाय, सकाळी बोटभर चाटली तेवढीच. उरली न्हाय." आत्याबाई पडल्या जागेवरून माझ्याकडं बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या, असं मला वाटलं. बनवलं हिनं, वाढलं हिनं, आन् हिला काहीच झालं न्हाय. सांगावं तर वस्ती मला काय म्हणेल? मालकांच्या कानावर गेलं तर नांदवतील का? ह्या पोरीला काही झालं तर मी चंद्राक्काच्या दारावरून कशी जाणार? आणि नाहीच सांगितलं तर? कुणाला कळणार होतं?

सुदाम काठी घेऊन निघाला. मागं तिघं-चौघं. वाट सरळ दूध संस्थेकडं जात होती.

मी पळाले. कशी पळाले ठाऊक नाही, चप्पल नव्हती, माती तव्यासारखी तापलेली. त्याच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि चिंधी ओढून काढली.

"सुदामभावजी, दूध चांगलं व्हतं. म्या च्या पिलाय त्येचा. चंद्राक्कानं बी पिलाय. तिला इचारा. हे बघा. हे बोट. ह्या हातानं म्या खीर कालवली."

तो थांबला. त्याला काही उमगलं नाही. त्याच्या डोळ्यांत असा राग होता की मला वाटलं, ही काठी आता माझ्यावर पडणार. मी डोळे मिटले. मागून नर्सबाईंचा आवाज आला, "दाखव इकडं."

त्यांनी माझं बोट उजेडाकडं धरलं, दाबलं. पू आला. "कधी फुटलं? खीर कधी केली? रात्रभर कुठं ठेवली?" मी सांगत गेले. त्या ऐकत गेल्या. मग सुदामकडं वळून म्हणाल्या, "विष कुणी घातलं नाही. ह्या पुवातलं खिरीत गेलं, धगीत रात्रभर वाढलं, त्यानंच सगळं केलं."

"पर म्या उकळली व्हती, बाई," मी म्हणाले. "चांगली खदखदून."

"किडे मेले असतील. त्यांनी केलेलं विष उकळून जात नाही. वास येत नाही, चव बिघडत नाही. ताजी वाढली असती, तर हे झालं नसतं. ह्या हातानं शिजवलंच नसतं, तर काहीच झालं नसतं."

सुदामनं काठी खाली टाकली नाही, पण तो मागं फिरला आणि लेकीजवळ जाऊन बसला.

दिवस मावळायच्या सुमाराला बाकीच्यांच्या ओकाऱ्या थांबल्या. आत्याबाई उठून बसल्या. बेबी तेवढी तशीच पडून होती. चंद्राक्का आणि सुदाम आळीपाळीनं चमचा चमचा पाजत राहिले. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा त्या पोरीनं डोळे उघडले, आईचं लुगडं ओलं केलं आणि चिडून म्हणाली, "अजून पानी." लेकरू मुतलं म्हणून एवढी माणसं रडलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. मी लांबून पाहिलं. जवळ जायची हिंमत नव्हती.

नर्सबाई दोन दिवसांनी माझं बोट धुवायला आल्या आणि माझ्या चुलीपुढं बसल्या. त्यांनी मला दोष दिला नाही, तो दिला असता तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, पाणी कमी आहे, मान्य. पण रांधायच्या आधी एक तांब्या हाताला राखून ठेव, साबण नसला तर राख घे. घागरीत पेला बुडवू नको, लांब दांड्याचं ओगराळं ठेव. जेवढं लागेल तेवढंच शिजव, शिजलं की गरम असतानाच वाढ, उन्हाळ्यात रात्रीचं सकाळपर्यंत ठेवू नको. हाताला जखम असेल तर दुसरीला रांधू दे. ह्यात लाज नाही. मी मान हलवत होते. प्रत्येक वाक्याला मला पातेल्यातले माझे दोन हात दिसत होते.

पुढं आमच्याकडं अंगणवाडी आली आणि मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली. मी नको म्हणाले होते. बावीस वर्षं लेकरांचं शिजवलं. रोज सकाळी आधी मुलांचे हात बघायची, मग माझे. नखाशी साधं खरचटलं तरी मी दुसऱ्या बाईला बोलवायची. शिजलेलं उरलं तर घरी न्यायची नाही. आणि मुलं खाऊन घरी गेली की मी तीन तास उंबऱ्यात बसायची. खिरीनं तीन तास घेतले होते. ते तीन तास कुठल्याच दिवशी मला सोपे गेले नाहीत. गल्लीतून कुणी पळत आलं तरी मी उठून उभी राहायची. लोक म्हणायचे, बाई कामाची फार खबरदार. खबरदार कसली, मी भ्यालेली होते.

पण त्या उन्हाळ्यातलं एक सांगायचं राहिलं.

पौर्णिमेनंतर कुणी मला वाईट बोललं नाही. आत्याबाईंनी मालकांना पत्रातसुद्धा काही कळवलं नाही. सुदाम बिरूमामांकडं जाऊन काहीतरी बोलून आला, काय ते दोघांनाच ठाऊक. पण माझ्या घरचं कुणी काही खाईना. कामावर बाया भाकऱ्या सोडायच्या, एकमेकींच्या फडक्यातलं कालवण घ्यायच्या आणि माझ्या फडक्यावरून नजर पुढं जायची. ज्या गावात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या गावात आमच्याच वस्तीत माझ्या हातची भाकरी चालेनाशी झाली. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मलाही माझ्या हातचं गिळत नव्हतं.

बोट सुकलं, नवं नख यायला लागलं. एका दुपारी मी भाकरी थापत होते. दारात सावली पडली. चंद्राक्का होती. कडेवर बेबी. पौर्णिमेपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. ती आत आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "माझ्या घरचं पीठ सरलंय. एक भाकर वाढ."

मी उठले. तिच्या देखत राखेनं हात धुतले. ती बघत होती, मी तिच्याकडं बघितलं नाही. भाकरी तव्यावरून सरळ तिच्या ताटात टाकली, वर तिखट-मीठ ठेवलं. चंद्राक्कानं तुकडा मोडला, फुंकर घातली आणि खाल्ला. तिनं दुसरा तुकडा मोडला, तो बेबीच्या तोंडात दिला. मला ओरडावंसं वाटलं, नको, तिला नको. पोरगी मचामचा चावत राहिली.

त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत मी काही ना काही निमित्त काढून चारदा त्यांच्या दाराशी गेले. कधी विस्तव मागायला, कधी सूप मागायला. आत वाकून बघायची, बेबी खेळतेय का. चौथ्या खेपेला चंद्राक्का कंबरेवर हात ठेवून बाहेर आली.

"अगं बया, जित्या हाव आमी दोघी," ती म्हणाली. "जा आता, सैपाकाला लाग. सांच्याला बी तुझ्याकडंच जेवणार हाव."